शेवटची बस आणि मैदानाचे दिवे : विद्यापीठ परिसरात वाहतूक आणि खेळाची सोय कशी लावावी

मराठवाड्यातल्या विद्यापीठांना जागेची टंचाई नाही. छत्रपती संभाजीनगरचा परिसर लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी पसरलेला आहे, नांदेडचा शहराबाहेर विष्णुपुरीला आहे, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात एका विभागातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये शेतंच लागतात. मैदानं असतात, कुठे बसही असते. तरी संध्याकाळी मैदानावर दिसतात ती बहुतेक वसतिगृहातलीच मुलं. अपडाऊन करणारे पाच वाजताच गेटवर येऊन उभे राहतात, कारण गावाकडची गाडी साडेपाचला आहे आणि ती चुकली तर पुढचं काही खरं नाही.

म्हणून वाहतूक एका समितीकडे आणि खेळ दुसऱ्या विभागाकडे, अशी वाटणी केली की दोन्ही कामं फसतात. तासिका, बस आणि मैदान या तिन्हींचं वेळापत्रक एकाच टेबलावर, एकाच कागदावर करायचं. नवी बस घ्यायची की नवं मैदान करायचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी मोजा

मोजणी सलग पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार. परीक्षा, प्रवेश आणि युवक महोत्सवाचे आठवडे टाळा. आठवडी बाजाराचा दिवस मात्र मुद्दाम धरा. त्या दिवशी काळीपिवळी आणि टमटम बाजारकरूंनी भरून जातात, मुलांना जागा मिळत नाही, आणि ही अडचण आकड्यात दिसायला हवी. प्रत्येक गेटवर दोन जण, सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ३.३० ते रात्री ८.३०. कागदावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी आखा आणि रकाने करा : पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा-टमटम, एस्टी किंवा शहर बस. मुलं आणि मुली वेगळ्या मोजा. हे काम ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या विद्यार्थ्यांना द्या, त्याचे तास धरा.

नुसत्या ऑनलाइन फॉर्मवर विसंबू नका. फॉर्म भरतात ते निवांत असलेले, म्हणजे परिसरातच राहणारे. अपडाऊनवाल्याला एस्टीच्या थांब्यावरच गाठावं लागतं आणि तिथे चारच प्रश्न विचारता येतात : गाव कोणतं, शेवटची सोयीची गाडी किती वाजता, ती चुकली तर काय करता, आणि तासभर उशिराची गाडी असती तर कशासाठी थांबला असता. तिसऱ्या प्रश्नाला मुलींनी दिलेलं उत्तर शब्दशः लिहून घ्या. ‘शेवटचा तास सोडते’ असं उत्तर जितक्या वेळा येईल, तो आकडा विभागप्रमुखांच्या बैठकीत इतर कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त चालतो.

फेरीचं गणित

एका पूर्ण फेरीला लागणारी मिनिटं भागिले बसची संख्या, म्हणजे थांब्यावर उभ्या माणसाला दोन बसमध्ये वाट पाहावी लागणारी जास्तीत जास्त मिनिटं. सूत्र एवढंच. चूक होते ती फेरीची वेळ धरताना.

समजा गेट, वसतिगृहं, ग्रंथालय, विभाग, मैदान असा ७ किलोमीटरचा फेरा आहे. ताशी २० किमी सरासरीने २१ मिनिटं. नऊ थांबे, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे साडेचार मिनिटं. बहुतेक जण इथे थांबतात आणि २५ मिनिटं लिहून मोकळे होतात. चालकाला शेवटच्या थांब्यावर चार-पाच मिनिटं लागतातच. पाणी प्यायचं, गाडी वळवायची, वेळ सावरायची. ती धरली नाहीत तर दुपारपर्यंत बस पाऊण तास मागे पडते आणि चालक वेळ भरून काढायला मधले थांबे गाळतो. त्यामुळे फेरी ३० मिनिटांची धरा. दोन बस असतील तर दर १५ मिनिटांनी एक.

आता गर्दीचं बघा. सकाळी अर्ध्या तासात १८० विद्यार्थी गेटवर उतरत असतील आणि बस ३२ आसनांची असेल, तर सहा बस लागतील. तेवढ्या कुणीच घेणार नाही. पण निम्म्या विभागांचा पहिला तास अर्धा तास पुढे सरकवला तर अर्ध्या तासाला ९० जण येतात आणि तीन बस पुरतात. तीन बसचे पैसे एका परिपत्रकात वाचतात. इथेच सगळ्यांत जास्त घासाघीस होते, आणि ती करण्यासारखी आहे.

डिझेलचाही हिशेब आधी मांडा. बारा तासांत एक बस २४ फेऱ्या, म्हणजे १६८ किमी धावते. लिटरला ६ किमी धरले तर रोज २८ लिटर. दुपारी १२ ते ४ या वेळात एकच बस ठेवली तर ८ फेऱ्या, म्हणजे ५६ किमी आणि नऊ लिटरहून थोडं जास्त डिझेल वाचतं. ते रात्रीच्या फेऱ्यांना वापरा.

शेवटच्या बसचा नियम ठाम ठेवा : मैदानाचे दिवे ज्या वेळी बंद, त्यानंतर २० मिनिटांनी शेवटची बस. दिवे ८.३० ला जात असतील तर बस ८.५० ला. त्या बसमध्ये पहिले दोन आठवडे चार-पाचच जण दिसतील. तेवढ्यावरून ती बंद करू नका. परतीची खात्री पटल्याशिवाय कुणी थांबत नाही, आणि एकदा बस चुकवली की तो भरवसा परत बसायला महिने लागतात.

ई-रिक्षा स्वस्त दिसते, पण तिची मर्यादा ओळखा. तिच्यात चालक सोडून चारच प्रवासी बसवता येतात आणि वेगाची मर्यादा ताशी २५ किमी आहे. सकाळची गर्दी तिच्याने उचलली जात नाही. ग्रंथालय ते वसतिगृह, आरोग्य केंद्र, अपंग विद्यार्थी यांच्यासाठी ती चांगली. डोंगराकडे चढ असलेल्या परिसरात चार माणसं बसवून भर दुपारी चढावर चालवून बघितल्याशिवाय खरेदीच्या कागदावर सही करू नका. लेड-ॲसिड बॅटरी उन्हाने आणि पार उतरवण्याने लवकर जाते. चार्जिंग सावलीत, हवेशीर शेडमध्ये करा आणि दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा.

एस्टीच्या आगारात काय मागायचं

महाविद्यालयीन विद्यार्थ्याला एस्टीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे १० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास. महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. पास काढलेल्या मुलाला रोज जीपला वेगळे पैसे देणं परवडत नाही. म्हणून त्याचा दिवस एस्टीच्या वेळेवरच बेतलेला असतो, आणि परिसरातली बस कितीही चांगली केली तरी गेटच्या बाहेरचं सुधारल्याशिवाय त्याला उपयोग नाही.

अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना, सही कुलसचिवांची. मागण्या या क्रमाने लिहा. पहिली, विद्यापीठ गेटवर विनंती थांबा, म्हणजे मुलांना मुख्य स्थानकापर्यंत जाऊन परत यावं लागणार नाही. दुसरी, चालू असलेली संध्याकाळची फेरी ३० ते ४५ मिनिटं उशिरा करणं. तिसरी आणि शेवटची, नवी फेरी. नव्या फेरीला गाडी, चालक, वाहक तिन्ही लागतात आणि आगाराकडे ते बहुधा नसतात, तर वेळ सरकवायला फक्त नियोजन बदलावं लागतं. अर्जाला गावनिहाय विद्यार्थ्यांची यादी, पासधारकांची संख्या आणि मोजणीचा तक्ता जोडा.

फेरी उशिरा केली की त्याच गाडीने जाणारी शाळकरी मुलं आणि कामगार अडचणीत येऊ शकतात. त्या मार्गावरच्या ग्रामपंचायतींशी आधी बोला आणि त्यांचं पत्र अर्जाला लावा, नाहीतर बदललेली वेळ महिन्याभरात तक्रारींनी परत पहिल्या जागी येते. अर्ज मेच्या मध्याआधी द्या. शाळा उघडताना जूनमध्ये फेऱ्या नव्याने लागतात, तेव्हा बदल सोपा असतो.

थांबा

पत्र्याचं छत मे महिन्यात तव्यासारखं तापतं, आणि मुलं थांब्याबाहेर झाडाखाली उभी राहतात. मग थांबाच झाडाखाली न्या. कडुनिंब, करंज, चिंच चांगली. गुलमोहर नको, त्याच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात. नवी शेड बांधायची तर ४.५ मीटर लांब, १.८ मीटर रुंद पुरते. छत खालच्या बाजूला २.४ मीटरपेक्षा कमी उंच नको आणि पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर हवा. पश्चिमेच्या बाजूला विटांची जाळी करा. दुपारी चारचं ऊन तिकडूनच येतं आणि गर्दी त्याच वेळी असते. ओटा १५ सेंटिमीटर, बाक ४५ सेंटिमीटर उंच. व्हीलचेअरचा उतार १ : १२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या ओट्याला १.८ मीटर लांबीचा. तो आखूड केला तर ढकलणाऱ्याचेही हात भरून येतात.

वेळापत्रक फ्लेक्सवर छापू नका, एका उन्हाळ्यात अक्षरं उडतात. पत्र्यावर ऑइल पेंटने लिहून घ्या, शेवटची बस लाल अक्षरात.

सायकली

इथला खरा शत्रू सराटा हे काटेरी तण आणि वेडी बाभूळ. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेचा सराटा वाळतो आणि दिवाळीनंतर पंक्चर वाढतात. नुसत्या पायवाटेने फिरणारी सायकल आठवड्यात दोनदा बसते. उपाय : कडेपासून एक मीटर रुंदीचा पट्टा सराट्याला काटे धरण्याआधी, सप्टेंबरमध्ये, खुरपून घ्या, टायरच्या आत लायनरची पट्टी घाला, ट्यूबमध्ये सीलंट भरा. भरीव टायर पंक्चर होत नाही, पण चालवायला जड आणि खडबडीत रस्त्यावर स्पोक तोडणारा.

गिअर नसलेल्या, साध्या बांध्याच्या सायकली घ्या. त्यांचे भाग गावातल्या कोणत्याही दुकानात मिळतात. ५० सायकलींमागे पाच राखीव, एक अर्धवेळ मेकॅनिक, आणि कपाटात हे कायम : ट्यूब १०, टायर ४, ब्रेकचे रबर २० जोड, चेन ३, पेडल ४ जोड, पाने, हवेचा उभा पंप दोन. पंप एकच असेल तर तो बिघडतो त्या दिवशी सगळी व्यवस्था बसते. उभ्या करायला उलट्या ‘यू’ आकाराचे पाइपचे स्टँड, ७५ सेंटिमीटर उंच, एक-एक मीटर अंतरावर. एकाला दोन सायकली लागतात आणि चाकाऐवजी सांगाड्याला कुलूप घालता येतं.

गतिरोधक आणि अंधार

कॉन्ट्रॅक्टरने घातलेला उंचवटा बसचा तळ घासतो आणि दुचाकीवर मागे बसलेल्याचा मणका दुखवतो. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाप्रमाणे करून घ्या : गाडी जाते त्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, वक्राची त्रिज्या १७ मीटर. तो ताशी २५ किमीने सुखरूप ओलांडता येतो. पांढरे पट्टे आणि आधी फलक हवाच.

दिव्यांसाठी नकाशा बघू नका. संध्याकाळी साडेसातला चार-पाच विद्यार्थिनींबरोबर वसतिगृह ते मैदान ते थांबा असं चाला आणि त्या म्हणतील त्या खांबावर खडूने आकडा टाका. निम्म्या ठिकाणी दिवा असतो, पण समोर फांदी असते. छाटणीवर भागतं. नवे खांब २५ ते ३० मीटरवर. सौर दिव्याची बॅटरी वर, खांबाच्या टोकाला बसवा. खाली ठेवली तर चोरीला जाते.

काळ्या मातीवरचं मैदान

मराठवाड्यातली बहुतेक मैदानं इथेच बिघडतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट मुरूम पसरला तर पहिल्या पावसात तो खाली बसतो, काळं वर येतं आणि मे महिन्यात भेगा मुरमातून वर उमटतात. घोटा मुरगळतो तो अशा भेगेत.

क्रम असा. मार्च-एप्रिलमध्ये, माती कोरडी असताना, वरची ३० ते ४५ सेंटिमीटर माती काढा. ती फेकू नका, रोपवाटिकेला किंवा शेताला द्या. तळ १ : १०० उताराने सारखा करून रोलर फिरवा. मग कठीण मुरूम थराथराने : सुटा थर १५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, पाणी मारा, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी ८ ते १० टनी रोलर. थर दहा-बारा सेंटिमीटरवर दबला की पुढचा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचं कवच दबतं आणि खालचं पोकळ राहतं, तरी बिल पूर्ण लागतं. प्रत्येक थराला स्वतः उभं राहा. शेवटी चाळलेला बारीक मुरूम ५ सेंटिमीटर. चारी बाजूंनी ३० सेंटिमीटर खोल चर, आणि चराचं पाणी पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडा. हिरवळीच्या नादी लागू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या प्रदेशात रोज टँकरने भिजवायचं मैदान टिकणार नाही.

मापं. व्हॉलीबॉल १८ × ९ मीटर, भोवती किमान ३ मीटर मोकळं, म्हणजे जागा २४ × १५. खांब बाजूच्या रेषेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. आधी पाइपचा कोष ९० सेंटिमीटर खोल बसवा, म्हणजे खांब काढता येतो. जाळं पुरुषांना २.४३, महिलांना २.२४ मीटर, दोन्ही उंचींना खांबावर कड्या वेल्ड करून घ्या. कबड्डी पुरुष १३ × १०, महिला १२ × ८. तिथे मात्र मुरूम नको : वर ८-१० सेंटिमीटर चाळलेली मऊ लाल माती, दर आठवड्याला कुदळून खडे वेचलेली. सगळ्या मैदानांची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. पूर्व-पश्चिम आखलं तर संध्याकाळी एका संघाच्या डोळ्यांत ऊन जातं.

मुलींसाठी एक मैदान राखून ठेवणं चांगलं, पण ते कोपऱ्यात, झाडांमागे देऊ नका. थांब्याच्या आणि उजेडाच्या जवळ द्या, कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह ५० मीटरच्या आत. नाहीतर ते मैदान रिकामं राहतं आणि वर्षाने ‘मुली येतच नाहीत’ असा शेरा फाइलवर लागतो.

पहाटेची धावपट्टी

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे पाचला येतात. १६०० मीटर मुलांना, ८०० मीटर मुलींना, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. या गर्दीला अडथळा समजू नका, मैदानाचा सगळ्यांत नेमाने वापर हीच मुलं करतात. ४०० मीटरची धावपट्टी आखताना आतल्या काठाची त्रिज्या ३६.५० मीटर आणि सरळ भाग ८४.३९ मीटर ठेवा. अंतर काठापासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजलं जातं. काठावरूनच मोजलं तर लांबी दोन मीटरने चुकते आणि भरतीच्या तयारीत सेकंदांचा हिशेब बिघडतो. पट्टा १.२२ मीटर रुंद, रेषा फक्कीने. चालणाऱ्यांना बाहेरचे दोन पट्टे द्या. गोळाफेक धावपट्टीच्या आत कधीच नको. वेगळा कोपरा, फेकीच्या दिशेला दोरी.

ऊन

मार्च ते जून मैदान पहाटे ५ ते ८.३० आणि संध्याकाळी ५.३० ते ८.३०, मध्ये बंद. चाळिशीपार तापमानात दुपारच्या स्पर्धा ठेवू नका. मैदानाच्या १०० मीटरच्या आत पिण्याचं पाणी, ओआरएसची पाकिटं, आणि टाकी महिन्यातून एकदा धुतल्याची तारीख टाकीवरच. ओपन जिमचं लोखंड दुपारी हात भाजतं. साधनं झाडाखाली बसवा, पाया काँक्रीटचा करा आणि बेअरिंगला दर महिन्याला ग्रीस. बसवणारा पुरवठादार वर्षाने भेटत नाही, म्हणून त्या मापाचे बेअरिंग आणि नट-बोल्ट खरेदीतच मागून घ्या.

तालीम आणि विरंगुळा

युवक महोत्सवाच्या आधी भारूड, पोवाडा, एकांकिका यांच्या तालमी रात्री जिन्याखाली चाललेल्या असतात. नवं सभागृह लागत नाही. भिंतीला प्लग असलेला, उजेडाचा एक व्हरांडा, दोन सतरंज्या, एक कपाट आणि किल्ली कुणाकडे याची वही. वस्तूंची खोली संध्याकाळी पाचला बंद होत असेल तर ढोलकी असून नसल्यासारखी. खोलीची वेळ मैदानाच्या वेळेएवढी करा.

पैसा आणि माणसं

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळ आहे आणि क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळही. दोन्हींचा प्रस्ताव एकत्र करून वित्त व लेखा समितीपुढे न्या, सोबत मोजणी जोडा. प्रस्तावात खरेदीच्या रकमेच्या दहा-बारा टक्के दरवर्षी देखभालीला, असा अंदाजपत्रकात वेगळा लेखाशीर्ष मागा. तो नसला की पहिल्या जाळ्याला भोक पडल्यावर मैदान बंद होतं. बसचा परवाना, फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या मुदतीच्या तारखा एका फळ्यावर लिहा. चारांपैकी एक संपली तरी बस उभी राहते.

सुरुवात सहा आठवड्यांच्या चाचणीने करा, दिवाळीच्या सुटीनंतर लगेच. नोव्हेंबरमध्ये सहालाच अंधार पडतो, म्हणून दिवे, थांबा आणि शेवटची बस यांतलं कच्चं काय ते पहिल्याच आठवड्यात कळतं. रोज तीन आकडे लिहा : सातला मैदानावर किती, त्यातले अपडाऊनवाले किती, आणि ८.५० च्या बसमध्ये किती चढले. दुसरा आणि तिसरा आकडा जुळत नसेल तर मुलं वेगळ्या वाटेने घरी जात आहेत. दुसऱ्याच दिवशी गेटवर उभं राहून त्यांना विचारा.